दुपारचा कोरोना

सटवाजी कोतवालानं नवरदेवाच्या कपाळावर ताप मोजायचं मशीन रोखलं, कळ दाबली आणि आकडा वाचायचा सोडून तो सिद्रामप्पांकडं बघत राहिला.

"अरं, वाच की!" सिद्रामप्पा कडुलिंबाच्या सावलीतून ओरडले.

"आप्पा, मशीन लाल झालंय. आकडा दाखवंना. नुसतं केकाटायलंय."

मशीन खरोखरच केकाटत होतं. भर उन्हात, रस्त्यावर काढलेल्या चुन्याच्या वर्तुळात, पेडगावहून आलेला नवरदेव शिवप्रकाश उभा होता. अंगात कोट, तोंडाला मास्क आणि कपाळावर चमचमणारं बाशिंग. त्याच्यामागं रस्त्याच्या कडेला बाभळीखाली उभ्या केलेल्या जीपमधून त्याचे वडील बसवेश्वरराव आणि मोजके वऱ्हाडी माना बाहेर काढून बघत होते. अलीकडं आडवा बांबू, बांबूच्या अलीकडं गाव, आणि गावात वधूपिता सिद्रामप्पा. तेच करंजखेड्याच्या कोरोना समितीचे अध्यक्ष होते.

करंजखेडा हे बोरीहून आत वळलं की लागणारं गाव. टाळेबंदी लागली तेव्हा गावानं समिती नेमली आणि अध्यक्ष म्हणून किराणा दुकानदार सिद्रामप्पांचं नाव एकमतानं पुढं आलं. सिद्रामप्पांनी आयुष्यात कुणाला गुंजभर कमी दिलं नव्हतं आणि गुंजभर जास्तही दिलं नव्हतं. तराजूचा काटा मधोमध म्हणजे मधोमध. अशा माणसाच्या हाती नियम दिले तर ते वाकणार नाहीत, असं गावाला वाटलं. ते खरंच वाकले नाहीत, आणि त्याचा गावाला फार त्रास झाला.

शिवेवर, शाळेला लागून, रस्त्याला बांबू पडला. समिती कडुलिंबाखाली खुर्च्या टाकून बसू लागली. बाहेरून येणाऱ्याचा वारा समितीला लागू नये म्हणून आप्पांनी सावलीपासून चांगलं लांब, रस्त्याच्या मधोमध ते वर्तुळ काढलं होतं. आलेल्यानं त्यात उभं राहायचं, बोलावणं येईपर्यंत हलायचं नाही, मग सटवाजी जाणार आणि लांबून कपाळ मोजणार. आकडा शंभराच्या वर गेला की शाळेत चौदा दिवस.

थोड्याच दिवसांत समितीच्या एक गोष्ट ध्यानात आली. सकाळी येणारी माणसं ठणठणीत निघत. दिवस मावळताना येणारीही ठणठणीत. दुपारी येणारा मात्र जवळजवळ प्रत्येक जण आजारी! आप्पांनी यावर पुष्कळ विचार केला आणि मंदिराच्या भोंग्यावरून जाहीर केलं, "गावकऱ्यांनो, ह्यो रोग दुपारचा फिरायलाय. बारा ते चार कुणीबी भाईर निघू नका." मे महिना होता, तसंही बारा ते चार कुणाला बाहेर निघायची हौस नव्हती. रुग्ण कमी झाले. शिवाय शाळेत टाकलेल्या माणसाचा ताप तासाभरातच उतरतो असंही दिसून आलं. आप्पांच्या बंदोबस्ताची आसपासच्या गावांत वाहवा झाली.

या वाहवेत एकटे माणिकराव सामील झाले नव्हते. ते ट्रॅक्टरचा पट्टा आणायला देवगाव फाट्याला गेले होते आणि भर दुपारी मोटारसायकलवरून उघड्या डोक्यानं परत आले होते. एकशे एक. तेव्हापासून ते शाळेत होते. रोज सकाळी खिडकीशी येऊन ते म्हणत, "आप्पा, मला ताप न्हाई." आणि आप्पा सावलीतून म्हणत, "उतरला म्हणून न्हाई. नियम म्हंजे नियम."

आज माणिकरावांचा चौदावा दिवस होता. खिडकीचे गज धरून ते नवरदेवाकडं टक लावून बघत होते.

"ते बाशिंग काढा म्हणावं," आप्पांनी सटवाजीला सांगितलं. "मशीनला कपाळ सापडंना."

जीपमधून नवरदेवाचा मामा खाली उतरला. "बाशिंग काढा? इवाई, शुद्धीत हाव का? एकदा बांधलेलं बाशिंग अक्षता पडंस्तर सोडत असतेत का?"

आप्पांना ते ठाऊक नव्हतं असं नाही. त्यांच्या स्वतःच्या लग्नात त्यांचं बाशिंग एका बाजूनं सुटून नाकावर लोंबत होतं, तरी त्यांनी ते तसंच नाकावर ठेवून लग्न लावून घेतलं होतं. त्यांनी लग्न लावायला आलेल्या, शेजारी उभ्या जंगमस्वामींकडं पाहिलं. स्वामींनी मान हलवली, पण हो म्हणून की नाही म्हणून ते मास्कमुळं कळलं नाही.

"सोडू नका, नुसतं वर सरकवा," गावची आशा सेविका राजेश्रीनं तोडगा काढला. तिच्याकडं आरोग्य केंद्रातून मिळालेलं जॅकेट होतं, आणि आपल्याला काहीतरी सुचलं पाहिजे ही जबाबदारी होती.

मामानं दोन बोटांनी बाशिंग उचललं. आत घामानं डबडबलेलं कपाळ निघालं. सटवाजीनं कळ दाबली.

"एकशे दोन!"

मंडपातून सनईची कॅसेट ऐकू येत होती. महेश्वरीचं हे लग्न आधी दोनदा पुढं ढकललं गेलं होतं. एकदा टाळेबंदीनं, एकदा तहसिलातून परवानगीचा कागद वेळेत न आल्यानं. आज कागद होता, वीस माणसांची मुभा होती, मुहूर्त बारा चाळीसचा होता आणि नवरदेव दारात उभा होता. दाराला कडी मात्र आप्पांनीच घातलेली होती.

"आप्पा," खिडकीतून आवाज आला, "माझ्या टायमाला एकशे एकच हुतं."

"ठाऊक हाय मला!"

"न्हाई, आपलं आठवण केली."

बसवेश्वरराव जीपमधून उतरून वर्तुळापर्यंत आले. भला माणूस, पण आवाज चढायला लागला होता. "सिद्रामप्पा, आमचं पोरगं सकाळी भाकर खाऊन निघालंय. शिंक न्हाई, खोकला न्हाई. ताप कुठून आला?"

"दुपारचा येत असतो," आप्पा पडेल आवाजात म्हणाले.

"जिंतूरला नेऊन नाकातला नमुना देता येतो," राजेश्री म्हणाली.

"आन त्याचा निकाल?"

"चार-पाच दिवसांनी."

"बाई, मुहूर्त बारा चाळीसचा हाय!"

इतक्यात आप्पांच्या पत्नी मल्लम्मा ओवाळणीचं ताट घेऊन आल्या. जावयाला ताप आहे हे कळताच त्यांनी तापावर जो उपाय घरोघरी करतात तोच सांगितला. "डोस्क्यावर गार पाणी टाका की! उभे काय ऱ्हायलाव?"

रांजणातलं पाणी आलं. मामानं पंचा भिजवून बाशिंगाखालून कपाळावर दाबून धरला, मानेवर तांब्या ओतला, कोटाच्या आत पाणी गेलं. तेव्हा नवरदेव पहिल्यांदा बोलला, "आणिक टाका. बरं वाटायलंय."

सटवाजीनं मोजलं आणि मशीन उलटंपालटं करून पाहिलं. "आप्पा, एकोणनव्वद."

"म्हंजे ताप गेला!" मल्लम्मा म्हणाल्या.

"ताप गेला, पर मानूस बी चालला की," सटवाजी म्हणाला. "यवढा गार मानूस मी आजपस्तोर मोजला न्हाई."

सगळ्यांनी राजेश्रीकडं पाहिलं. तिनं मोबाइलवर बरंच वरखाली केलं. "शंभराच्या वर गेलं तर काय करायचं ते हाय यात. इतकं खाली आलं तर काय करायचं ते शिकवलंच न्हाई आमाला." मग थोडा विचार करून ती म्हणाली, "थोडं वर येऊ द्या."

तेव्हा सगळे नवरदेव वर येण्याची वाट पाहू लागले. ऊन आपलं काम करत होतं. सटवाजी वर्तुळाशी उभा राहून लिलाव पुकारावा तसा आकडे पुकारत होता. ब्याण्णव. चौऱ्याण्णव. शहाण्णव. प्रत्येक आकड्याला जीपमधून "आलं, आलं" असा गलका होत होता. सत्त्याण्णवला आप्पांनी उठून बांबूला हात घातला. अठ्ठ्याण्णवला बांबू वर उचलला.

"थांबा!" मल्लम्मा म्हणाल्या. "ओवाळल्याबिगर जावई शिवेच्या आत येत असतेत का?"

हे कुणालाच नाकारता येईना. शिवेवर नवरदेवाला ओवाळायचं ही रीत समितीच्या आधीची होती. मल्लम्मा ताट घेऊन वर्तुळात गेल्या. ताटात पाच वाती तुपात चांगल्या धगधगत होत्या. एकुलती एक लेक, दोनदा मोडता मोडता राहिलेलं लग्न. मल्लम्मांनी मन भरेपर्यंत ओवाळलं, बाशिंगाच्या अगदी जवळून. मग कुंकू लावलं, साखर भरवली, डोळे पुसले आणि राहून गेल्यासारखं वाटलं म्हणून पुन्हा ओवाळलं.

"झालं. या आता आत," आप्पा बांबू धरून म्हणाले. त्यांचा हात अवघडला होता.

"सटवाजी," खिडकीतून माणिकराव अगदी नम्रपणे म्हणाले, "वर्तुळात दुसरं मानूस गेलं की दोघांची तपासणी नव्यानं. माझी बायकू धुरपता डबा द्यायला चुकून तितं आली, तवा दोनदा मोजली हुती तिला."

सटवाजीनं आप्पांकडं पाहिलं. आप्पांनी बांबूकडं पाहिलं. बांबू हळूहळू खाली आला.

नवरदेव एकशे तीन. मल्लम्मा एकशे एक.

आता मात्र कुणाला काहीच कळेना. बसवेश्वरराव म्हणाले की तुमच्या बाईनंच आमच्या पोराला रोग दिला. मल्लम्मा म्हणाल्या की मी तर तिथं जाऊन आजारी पडले, म्हणजे रोग तुमचा. राजेश्री म्हणाली की इतक्या लवकर लागत नसतो. मामा म्हणाला की मग हा कुठला? सटवाजीनं पडताळा म्हणून आडव्या बांबूचं उन्हातलं टोक मोजलं. मशीन पुन्हा लाल होऊन केकाटलं.

"आप्पा, बांबूलाबी हाय," तो दबक्या आवाजात म्हणाला.

"त्याला शिवू नको मग!" आप्पा म्हणाले आणि बांबूला धरलेले आपले हात त्यांनी घाईनं धोतराला पुसले.

मल्लम्मांनी वर्तुळातूनच विचारलं, "आवो, मग मी आता शाळंत जाऊन बसू? पोरीचं लगीन टाकून?"

बांबू उचलायला एक क्षण लागला असता. गावातलं कुणी ब्रही काढला नसता, उलट सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला असता. पण मान जराशी वळवली की खिडकी दिसायची आणि खिडकीत माणिकराव. त्या माणसानं गयावया केली होती, हात जोडले होते, आणि आप्पांनी त्याला सावलीतून उत्तर दिलं होतं. आज बांबू उचलला तर उद्यापासून काट्याला कोण मान देणार? आणि नाही उचलला तर लेकीच्या डोळ्याला डोळा कसा देणार? सिद्रामप्पा खुर्चीत बसले, उठले आणि पुन्हा बसले.

बारा वीस झाले तरी नवरदेव येईना म्हणून महेश्वरी स्वतःच शिवेवर आली. शालू नेसलेली, कपाळाला बाशिंग, पायात घाईत घातलेल्या आईच्या चपला. तिनं पलीकडं निथळणारा नवरा पाहिला, वर्तुळात अडकलेली आई पाहिली, आणि खुर्चीतले वडील पाहिले.

"आप्पा, त्यांना आत येता येईना म्हणता?"

"न्हाई, माय."

"बांबूपस्तोर तरी येता येतंय का?"

आप्पांनी मनातल्या मनात सगळे नियम तपासले. "बांबूपस्तोर येतंय."

"मग मी अल्याड हुभी ऱ्हाते, त्यांनी पल्याड हुभं ऱ्हावं. तसंबी अक्षता पडंस्तर मधी काहीतरी धरावंच लागतंय की."

जंगमस्वामींनी मान हलवली, आणि या वेळी ती हो म्हणून हलवली हे सगळ्यांना कळलं. बांबूवर शाल टाकून अंतरपाट केला. कडुलिंबाची सावली बांबूच्या दोन्ही बाजूंना चांगली पसरली होती. नवरदेव तिथं येऊन उभा राहिला आणि सावलीत आल्याबरोबर त्यानं असा श्वास सोडला की शाल हलली. मल्लम्मांना त्याच्या बाजूला, पलीकडच्या सावलीत जागा मिळाली. जीपमधलं वऱ्हाडही तिथंच आलं.

मग आप्पांची धावपळ सुरू झाली. मंडप राहिला गावात आणि लग्न लागलं शिवेवर! अक्षता, हार, स्वामींचा पाट, पाण्याच्या घागरी, सगळं तिकडून इकडं आणायचं. आप्पांनी तीन वेळा तो उन्हाचा रस्ता तुडवला, टोपी कुठं पडली तेही कळलं नाही. लेकीचा हात जावयाच्या हातात देऊन पाणी सोडायच्या वेळी अलीकडून हात पुरेना, म्हणून ते बांबूखालून वाकून पलीकडं गेले. बारा चाळीसला अक्षता पडल्या. शाळेच्या खिडकीतूनही पडल्या. माणिकरावांनी शाळेत पडून असलेल्या खिचडीच्या तांदळातले मूठभर जपून ठेवले होते.

लग्न लागल्यावर शिवप्रकाशचं बाशिंग सोडलं, त्याला ताक दिलं. सटवाजी आता चालून चालून थकला होता. त्यानं नवरदेवाला बांबूपाशीच मोजलं.

"सत्त्याण्णव!"

मल्लम्मा अठ्ठ्याण्णव. बसवेश्वरराव, मामा आणि बाकीचे वऱ्हाडी एकेक करून मोजले गेले आणि एकेक करून बांबूखालून आत आले. एकही आजारी नाही. "लगीन लागलं की उतरतो," मल्लम्मा म्हणाल्या, आणि ते सगळ्यांना पटलं.

शेवटी पलीकडं आप्पा राहिले. ते बांबूपाशी नव्हतेच. पलीकडं गेलेल्या माणसानं वर्तुळातूनच आत यायचं हा नियम त्यांनी स्वतः केला होता, म्हणून सगळं वऱ्हाड मोजून होईपर्यंत ते उघड्या डोक्यानं, शिस्तीत, वर्तुळात उभे होते.

सटवाजी मशीन घेऊन गेला. "आप्पा, ऱ्हाऊ द्या ना," तो हळूच म्हणाला. "तुमाला काय मोजायचं?"

"मोज."

सटवाजीनं मोजलं. मग त्यानं मशीन पाठीमागं लपवलं.

"किती?"

"काय न्हाई, आप्पा."

"सटवाजी, किती?"

"एकशे दोन."

मंडपाकडं निघालेली माणसं थांबली. बसवेश्वरराव मोठ्या मनानं म्हणाले, "इवाई, आजच्या दिवस सोडा हो." मल्लम्मा रडायच्या बेताला आल्या. खिडकीतून, सगळ्या दिवसात पहिल्यांदाच, काहीही आवाज आला नाही. तो आला असता तर आप्पांना सोपं गेलं असतं. त्यांनी बांबू उचलला नाही. धोतराचा सोगा सावरला आणि ते शाळेकडं वळले.

पंगत तिकडं मंडपात बसली. बुंदीचा वास शाळेपर्यंत येत होता. लेकीच्या लग्नासाठी साखर, डाळ, तेल आप्पांनी स्वतःच्या हातानं तोलून काढलं होतं, आणि त्याच्याच दोन पत्रावळी सटवाजीनं गजातून आत दिल्या. एक माणिकरावांनी आणि एक आप्पांनी खोलीच्या दोन कोपऱ्यांत बसून खाल्ली.

निघताना महेश्वरी खिडकीपाशी आली आणि लांबूनच वाकली. आप्पांनी खिशातली भस्माची डबी उघडून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली आणि मागं सरले. तिनं चिमूट घेऊन स्वतःच कपाळाला लावली. सासरी जाणाऱ्या लेकीच्या कपाळाला आपल्या बोटांनी भस्म लावायचं, हे आप्पांनी ती पाळण्यात होती तेव्हापासून ठरवलेलं होतं. ते आता राहिलं ते राहिलंच. जीप बाभळीपलीकडं दिसेनाशी झाली तेव्हा ते भिंतीकडं तोंड करून रडले, आणि माणिकराव तेवढा वेळ आपली सतरंजी गुंडाळत राहिले. त्यांची मुदत आज संपत होती.

ऊन कललं. शाळेची खोली जाड भिंतींची, थंडगार होती. माणिकरावांना सोडण्याआधी मोजायला सटवाजी मशीन घेऊन खिडकीत आला. ते सत्त्याण्णव निघाले. जाता जाता त्यानं आप्पांच्याही कपाळावर मशीन धरलं.

"आप्पा, तुमीबी सत्त्याण्णव!"

सिद्रामप्पा ताडकन उठले. एकदा मशीनकडं, एकदा बाहेरच्या ओसाड वर्तुळाकडं बघून ते गजांपाशी गेले आणि कळवळून म्हणाले, "मग मला ताप नव्हताच की रे! सटवाजी, माणिकराव, तुमीच सांगा, मला ताप न्हाई!"

माणिकरावांनी सतरंजी काखेतून काढली आणि आप्पांपुढं ठेवली.

"मलाबी न्हवता, आप्पा. चौदा दिवस तेच सांगायलोय."

आप्पांनी त्यांच्याकडं पाहिलं. मग खाली बसून निमूटपणे सतरंजी उलगडली.